पाच नंबरचा उजवा पंख

१४ मार्च, शनिवार. कूलर गॅलरीत ओढला, टाकी घासली, पंप लावून पाहिला. चालतो. आता ताट्यांचं गवत बदलायचं. बाजारात तयार ताट्या मिळतात, पण मे येईतो त्यांचं गवत खाली बसतं, वर मोकळी जाळी राहते आणि तिथून झळा थेट घरात येतात. म्हणून मी गवत सुटं आणते आणि सुतळीने जाळीला स्वतः शिवते. दर चार बोटांवर एक गाठ. गाठ अशी की सुतळी मध्येच एका ठिकाणी तुटली तरी पुढची-मागची शिवण जागची हलत नाही.

ही गाठ विमानाच्या पंखाची आहे. ती मला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या सहदेवराव मेश्रामांनी शिकवली.

सहदेवराव जानेवारीत वारले. त्यांना कोणी नव्हतं आणि सोसायटीची सेक्रेटरी मी, त्यामुळे खोली रिकामी करण्याचं काम माझ्याकडे आलं. अर्ध्या दिवसात झालं. खाट, कपाट आणि कूलर चौकीदाराने नेला, भांडी आणि कपडे बुद्धविहारात दिले. दोन वस्तू मात्र कोणाला द्याव्यात ते कळेना: एक सागवानी पेटी आणि एक जाड वही. त्या दोन महिन्यांपासून माझ्या कपाटावर पडून आहेत. त्याच कपाटाच्या खणात फेब्रुवारीत आलेलं एक पत्रही आहे. आज तिसरी ताटी शिवताना ठरवलं की हे काम आता लांबवायचं नाही. काम काय ते पुढे येईलच, आधी माणूस सांगते.

नागपुरात, बेसाला, आमच्या इमारतीतच माझा शाळेच्या गणवेशांचा गाळा आहे. चार मशिनी, चार बाया, त्यांत पुष्पा सगळ्यांत जुनी. शाळा उघडण्याच्या तोंडावर आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. अशाच एका दुपारी सहदेवराव पँट आखूड करायला घेऊन आले. तेव्हा ते सोसायटीत नवे होते, ऐंशीच्या जवळचे, उंच, एका कानात ऐकण्याचं मशीन. तेवढ्यात पुष्पाच्या मशिनीची सुई तुटली. तिने टोकाकडचा अर्धा भाग शोधला नाही, नवी सुई लावली आणि पुढे चालू झाली.

"बाई, तुटलेल्या सुईचा दुसरा तुकडा कुठं हाये?" सहदेवरावांनी दारातूनच विचारलं.

"पडला असंल ना काका कुठं," पुष्पा म्हणाली. "संध्याकाळी झाडू मारला का निघंल."

"कुठं म्हणजे कुठं?"

"आता कुठं म्हणजे काय सांगू? मी काय त्याच्या मागं धावून राहिली का?"

सहदेवराव आत येऊन स्टुलावर बसले. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही, पण उठलेही नाहीत. त्यांच्या बसण्यात असं काही होतं की अर्ध्या तासाने आम्ही चौघी-पाचजणी शिवलेले गणवेश एकेक करून चाचपत होतो. तुकडा पहिलीतल्या मुलीच्या फ्रॉकच्या दुमडीत सापडला, टोक बाहेरच्या बाजूला. सहदेवरावांनी तो तळहातावर घेतला, उरलेल्या अर्ध्या सुईला जोडून पाहिला, लांबी पूर्ण भरली तेव्हा "हां" म्हणाले आणि पँट ठेवून गेले.

"काका, तुमी पोलिसात होते का जी?" पुष्पाने मागून आवाज दिला.

"नाही. विमान कारखान्यात."

बाया पोट धरून हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून मात्र माझ्या गाळ्यात तुटलेली सुई दोन्ही तुकडे जोडून कागदावर चिकटवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही.

विमान कारखाना खरा होता. वर्धा रोडच्या आतल्या बाजूला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये. आता तिथे लग्नाचं लॉन आहे. मालक इंजिनिअर होता, बाहेरदेशी शिकून आलेला, आणि त्याला ग्लायडर बनवायची होती, म्हणजे इंजिन नसलेली विमानं, जी दोराने वर ओढतात आणि मग हवेवर तरंगत उतरतात. सगळी मिळून पंधरा-सोळा माणसं. सुतार, शिवणाऱ्या बाया, एक रंगारी आणि एक चेकर. सहदेवराव चेकर. वय तेव्हा पंचविशीच्या आसपास.

"किती बनवली?" मी एकदा विचारलं.

"साडेआठ."

"अर्धं कसं बनतं?"

"आठ ग्लायडर. आन मालकाले मंग इंजिनचं लहान विमान बनवाची हौस आली. दोन माणसाचं. ते मैदानात पळलं, लिंबाच्या झाडाइतकं वर उठलं आन खाली बसलं. दिल्लीचा कागद काही आला नाही. मंग कारखानाच बसला. त्याले पूर्ण कसं म्हणाचं? अर्धं."

ते हे इतक्या गंभीरपणे सांगत की सोसायटीत त्यांचं नाव साडेआठ पडलं. "साडेआठ आले, साडेआठ गेले." त्यांना ऐकू येत नसे, की येऊनही येत नसे, ते मला सांगता येणार नाही.

त्या कारखान्याच्या गोष्टी ते कधी सलग सांगत नसत. एखादी वस्तू समोर आली की तिच्यापुरतं बोलत. चहात दूध फाटलं तर म्हणत, आमचा सरस दुधाच्या चोथ्याचा होता, लाकूड त्याने जोडायचो. उन्हाळ्यात ब्रश लाकडापर्यंत पोचायच्या आत तो सुकून जाई, म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला काम सुरू. केळं सोललं की म्हणत, पंखावर कापड ताणून वरून जो रोगण लावायचो त्याला असाच वास. उन्हाला मी शिव्या घातल्या की म्हणत, "नागपूरचं ऊन कोणाले आवडत नाही. आमच्या मालकाले आवडे. तापलेली जमीन हवा वर फेकते, त्याच्यावर ग्लायडर चढते. त्याच्यासाठीच त्यानं नागपूर धरलं." दुपारी बाराला ते फाटकाजवळच्या खुर्चीवर डोक्यावर ओला रुमाल टाकून बसत आणि आकाशात घारी कुठे गोल फिरतात ते बघत. घार पंख न हलवता वर चढायला लागली की बोट दाखवत: "तिथं हवा हाये." दाखवायला जवळ कोणी नसे. तरी बोट वर जाई.

त्यांचं एक वाक्य होतं: झाकाच्या आधी मोजाचं. पाण्याच्या टाकीची गोष्ट यावरूनच घडली. सोसायटीची वरची टाकी साफ करायला दोन माणसं आली होती. काम झालं, झाकण बसवणार, तर सहदेवराव जिना चढून गच्चीवर.

"आत जाताना किती हत्यारं नेली होती?"

"काकाजी, मोजून कोण नेते?"

"मी मोजली. पाच. हे चार."

"अहो, पाना खाली राहिला असंल."

"मंग खाली पाहून या."

खाली नव्हता. टाकीत होता, तळाला, बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी. त्या माणसांनी दोन तास जास्तीचं काम केलं आणि खाली उतरताना मला म्हणाले, "मॅडम, या बुढ्याले पुढच्या वेळी गावाले पाठवा." मी त्यांना चहा दिला. सहदेवरावांनाही दिला. त्यांनी कप धुऊन परत आणला आणि ओट्यावर ठेवताना "एक कप, एक बशी" असं म्हणाले. घराला कुलूप लावतानाही असंच. चष्मा, कानाचं मशीन, किल्ली, रुमाल. "चार." मग दार ओढायचं.

एकट्या माणसाला सवयी लागतात हे मला माहीत आहे. मी स्वतः बारा वर्षांपासून एकटी आहे, आणि मीही गॅस दोनदा बघते. त्यामुळे मला त्यात खोल काही दिसलं नाही. हेही सांगते की आमचं फार बोलणं होत असे असंही नाही. महिन्यातून चार-पाच वेळा. ते पँट किंवा उशीचा अभ्रा घेऊन यायचे, काम होईपर्यंत बसायचे. एकदा मी कूलरच्या ताट्या शिवत होते तेव्हा माझी गाठ बघून त्यांना राहवलं नाही. सुतळी हातातून घेतली आणि एक पूर्ण ताटी शिवून दिली. बोटं थरथरत होती, गाठ नाही.

"हे पंख शिवाची गाठ हाये," म्हणाले. "पण मी चेकर. शिवाचं काम बायाचं. मले सुमनबाईनं शिकवली."

कोण सुमनबाई, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात सहदेवराव एका सकाळी तीन मजले चढून माझ्या दारात आले. लिफ्ट बंद होती. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. रामटेकच्या पुढे एका गावातल्या शाळेच्या सभागृहात एक जुनं ग्लायडर ठेवलेलं आहे, अशी छोटी बातमी आणि तिच्यात फोटो. शेपटीवर आकडा ५.

"बाई, तुमची गाडी रविवारी रिकामी असते काय?"

त्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, असते.

कामठी मागे पडली. मांडीवर वही, वहीवर दोन्ही हात. मनसरच्या जवळ त्यांनी बोलायला सुरुवात केली. बाहेर धानाची कापणी चालू होती आणि ते काचेबाहेर बघूनच बोलत होते, त्यामुळे मला पुढच्या रस्त्याकडे लक्ष ठेवून ऐकता आलं.

कारखान्यात पंखावर कापड चढवलं की ते आतल्या लाकडी फासळ्यांना शिवून टाकत. एक बाई वरून सुई घाली, एक खालून ओढी. पंख वीतभर जाड, त्यामुळे सुया त्याहून लांब. अशा बारा सुया एका सागवानी पेटीत बारा भोकांमध्ये ठेवलेल्या असत. पंख शिवून झाला की सुया पेटीत परत, चेकरने बारा मोजायच्या, वहीत सही करायची, आणि मगच शेवटच्या पट्ट्या चिकटवून वरून रोगण. कारण पंखाच्या आतून एक तार जाते. तिच्यावर विमानाचं वळणं चालतं. आत विसरलेली सुई त्या तारेच्या चाकात अडकली तर वर हवेत विमान वळणार नाही.

"पाच नंबरच्या उजव्या पंखाले अकरा निघाल्या," सहदेवराव म्हणाले.

"मग?"

"सुमनबाईच्या हाती होती बारावी. तिनं सारं शोधलं. मंग म्हणे, पदरात लावली होती मी, जेवाले गेली तेव्हा घरी राहिली असंल. उद्या आणते. मालक बाहेर उभा. पंख त्याच दिवशी झाकाचा होता, दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. हत्यार हरवलं तर बाईले घरी पाठवाचा नियम. तिच्या पदरी लहान पोरगा, नवरा गेलेला."

"आणि तुम्ही सही केली."

"केली. बारा म्हणून केली."

"तिने दुसऱ्या दिवशी आणली का सुई?"

"आणली. पण चकचकीत होती, बाई. बाकीच्या अकरा मेणानं काळ्या झालेल्या. मी पाहातच राहिलो. सुमनबाई म्हणे, राखेनं घासून आणली. मी काही बोललो नाही. बाराव्या भोकात ठेवली."

"म्हणजे तुम्हाला वाटलं बाजारातून दुसरी आणली."

ते काचेबाहेर बघतच म्हणाले, "तिनं माह्याकडं पाहिलं. मले काय वाटून राहिलं ते तिले समजलं."

कारखान्यात आणखी एक नियम होता. ज्याने सही केली त्याने पहिल्या उड्डाणात बसायचं. मालक पुढच्या जागेवर, चेकर मागे. सहदेवराव आठही ग्लायडरमध्ये असे बसले. सातांमधून त्यांनी खालचं नागपूर पाहिलं, अंबाझरीचं पाणी, रेल्वेचे डबे. पाचव्यातून फक्त उजवा पंख पाहिला. मालक पुढे खुशीत काहीतरी ओरडून सांगत होता, आणि मागे बसलेल्या माणसाने त्याला सांगितलं नव्हतं की तो कशात बसला आहे.

"सांगायचं होतं ना सरळ," मी म्हटलं. मला अशा गोष्टींचा राग येतो. "नंतर तरी सांगायचं."

"सांगाचंच होतं. रोज ठरवो. वर्षभर ते इथंच उडत होतं. मी दर रविवारी सकाळी मैदानात जाऊन पंख उचलून हलवो, कान लावो. आवाज नाही. पण अडकलेली सुई वाजत नाही ना बाई, सुटली का वाजते. मंग ते दुसऱ्या गावच्या क्लबाले देलं. तिथून कुठं गेलं, पत्ता नाही. किती पत्रं टाकली. कारखाना बसला, कोणाले विचाराचं?"

पुढचं विचारू नये असं मला वाटलं, आणि तरी विचारलं. "लोक म्हणत असतील, तुमचं आणि सुमनबाईंचं लग्न होणार म्हणून."

"लोक नव्हते म्हणत," सहदेवराव म्हणाले. "आमी म्हणत होतो."

दुपारी ते दोघं पंखाच्या सावलीत बसून डबा खात. सुई आल्याच्या दिवसापासून सहदेवराव आपला डबा मशीनजवळ उभ्याने खायला लागले. महिनाभराने सुमनबाईंनी त्यांच्याकडे बघायचं सोडलं. पुढे त्यांचा मुलगा वीज केंद्रात लागला, त्या कोराडीच्या कॉलनीत राहायला गेल्या आणि तिथेच काही वर्षांपूर्वी वारल्या. सहदेवराव बसने गेले होते. "मागं उभा राहिलो," म्हणाले. "मले तिथं कोणी ओळखत नव्हतं."

शाळेत धनराज नावाचा शिपाई आमची वाट बघत होता. मुख्याध्यापकही आले होते. सभागृहाच्या कोपऱ्यात ग्लायडरचा सांगाडा स्टुलांवर टेकवलेला, दोन्ही पंख काढून भिंतीशी आडवे ठेवलेले. कापड पिवळं पडलेलं, पण फाटलेलं नव्हतं. सहदेवराव आधी कशालाच हात लावेनात. मग शिवणीवरून अंगठा फिरवत गेले, टोकापर्यंत, जसं कोणी ओळखीच्या माणसाची पाठ तपासावी.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं की पंखाला खालून एक गोल खिडकी आहे, तिच्यावर कापडाचं ठिगळ आहे, ते उसवून आत बघायचं आहे.

"ते नाही जमायचं मॅडम. वारसा आहे हा. संस्थेची परवानगी लागेल, लेखी."

"बनवलं कोणी?" मी विचारलं. "हे समोर उभे आहेत त्यांनी."

"ते ठीक आहे हो. पण अर्ज द्या."

सहदेवरावांनी माझा हात धरला. "उसवू नोका. हलवून पाहू."

धनराजने आणि मी पंखाचं टोक उचललं. पंख दिसतो त्याहून हलका होता. सहदेवरावांनी गुडघे टेकले, दोन्ही तळहात कापडावर पसरले आणि मशीन नसलेला कान पंखाला लावला. त्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नसे, मशीनच्या कानानेही बेताचंच. पण सवयीने लावला.

आम्ही टोक वर नेलं. आत काहीतरी घरंगळलं. लहान, कोरडं, थांबत थांबत. धनराजने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, वाजलं काय?"

मी म्हटलं, "नाही."

"पुन्हा एकदा."

पुन्हा वर नेलं. पुन्हा घरंगळलं.

"काही नाही वाजत काका."

खोटं का बोलले ते सांगते, त्यात फार विचार नव्हता. समोर चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांवर होता. कोणी मेलं असतं तर एव्हाना मेलंच असतं. सुमनबाई तर गेल्याच होत्या. हो म्हणून कोणाचं काय भलं होणार होतं? मला तेव्हा तो हिशेब अगदी सरळ वाटला.

सहदेवराव उठले, वही उघडली, तारीख घातली आणि पेन माझ्याकडे दिलं. "ऐकणाऱ्याची सही लागते." मी केली. परत येताना ते रामटेकच्या फाट्यावर तर्री पोह्याची एक प्लेट खाऊन आणखी अर्धी मागते झाले. मला बरं वाटलं. सोसायटीत गाडीतून उतरल्यावर त्यांनी चष्मा, मशीन, वही, रुमाल मोजले, "चार" म्हणाले आणि दार लावलं.

त्यानंतर मी त्यांना बोलताना शेवटचं पाहिलं ते जानेवारीतल्या एका सकाळी. फाटकाजवळ खुर्चीवर, अंगावर शाल, तोंड वर. मी स्कूटर काढत होते.

"आज हवा नाही," ते म्हणाले. "घारी खालीच बसल्या हायेत."

मला उशीर झाला होता. मी "हो ना काका" म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं दार उघडलं नाही. चौकीदाराने मला फोन केला. चष्मा, मशीन, किल्ली आणि रुमाल उशाशी एका ओळीत होते. वंदना म्हणायला विहारातले पाच-सहा लोक आले, आणि माझ्या गाळ्यातल्या चौघी. पुष्पा एकटी रडली. "मले लय बोलत होता वं म्हातारा," म्हणाली.

खोली रिकामी करताना मी वही उघडली. नोव्हेंबरचं पान. तारीख, 'पाच नंबर, उजवा पंख, हलवून पाहिला', खाली माझी सही. आणि सहीच्या खाली, बहुतेक त्याच संध्याकाळी लिहिलेलं:

"वाजलं. हाताला समजलं, दोनदा. बाईंनाही ऐकू आलं, त्या नाही म्हणाल्या. मी पण एकदा असंच केलं होतं. त्यांची सही राहू द्यावी."

म्हणजे पोहे त्यांनी माझ्यासाठी खाल्ले होते.

फेब्रुवारीत शाळेच्या संस्थेचं पत्र आलं. त्या रविवारनंतर मी रीतसर अर्ज टाकला होता आणि विसरून गेले होते. 'ठिगळ काढून आतील भागाची पाहणी करण्यास व ते पूर्ववत शिवून देण्याच्या अटीवर परवानगी देण्यात येत आहे.' पत्र खणात टाकलं. सुई आहे हे कळलंच होतं, बघून काय करायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे जायची हिंमत होत नव्हती.

आज ताट्या शिवून झाल्या, कूलर खिडकीला लावला, पाणी सोडलं. गवत सगळीकडे सारखं ओलं झालं. मग धनराजला फोन केला.

१५ मार्च, रविवार. सकाळी सातला निघाले. पिशवीत ब्लेड, टॉर्च, दाढीचा छोटा आरसा, जुन्या स्पीकरमधलं चुंबक बांधलेली लांब काडी, मेण लावलेला दोरा, सहदेवरावांची वही आणि पेटी. शाळेला सुट्टी होती. धनराजने सभागृह उघडलं, पत्र वाचलं नाही, मला म्हणाला, "ते बुढे बाबा नाही आले?" मी सांगितलं. तो पंख धरायला आला.

पंख कडेवर उभा धरून ठिगळ तीन बाजूंनी उसवलं. आरसा आत घालून टॉर्च मारला. फासळ्या, तार, तारेचं चाक, सगळं जागेवर. चाकाच्या अलीकडे, कापडावर, मातीचे तीन तुकडे. पोकळ, बोटाएवढ्या नळ्यांचे. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यात दर वर्षी असतात तसे.

"हे तं कुंभारीण माशीचं घर हाये," धनराज म्हणाला. "आमच्या छताले बी करते. वाळलं का खाली पडते."

तिन्ही तुकडे बाहेर काढले. मग पंखाचं टोक वर, खाली, वर. काही नाही. पुन्हा. काही नाही. चुंबकाची काडी एका टोकापासून पोचेल तिथपर्यंत फासळीफासळीतून फिरवली. तिला काही लागलं नाही. जिथे ती पोचली नाही तिथे टॉर्च मारून आरशात पाहिलं. धनराजला कान लावायला सांगितलं आणि मी एकटीने टोक हलवलं. त्याने मान हलवली. नाही.

सुई पदरात लागून घरीच गेली होती. राखेनं घासली होती म्हणून चकचकीत होती.

मी पेटी उघडली. बाराव्या भोकातली सुई अजूनही बाकीच्यांपेक्षा उजळ आहे. वही काढली आणि त्यांच्या ओळींखाली लिहिलं: 'पाच नंबर, उजवा पंख. उघडून पाहिला. कुंभारणीच्या घराचे तीन तुकडे. सुई नाही. सुमनबाईंनी आणलेली सुई तीच होती.' तारीख घातली, सही केली. धनराजचीही घेतली, ऐकणाऱ्याची म्हणून.

मग ब्लेड, टॉर्च, आरसा, काडी मोजली. चार. बाराव्या सुईत दोरा ओवला आणि ठिगळ शिवलं, दर चार बोटांवर एक गाठ. दोरा तोडला, सुई पुसून तिच्या भोकात ठेवली, पहिल्यापासून बारापर्यंत मोजल्या आणि पेटीचं झाकण लावलं.